पोकळ वासा

"आवाज तोच आहे ना? मग मला सांगितलंत कशाला?"

माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायला आलेल्या कॉलेजातल्या मुलाचा हा प्रश्न. त्याने ती अर्धा तास वाजवली होती, अठरा हजारांवर सौदा जमत आला होता आणि तेवढ्यात मी सांगून टाकलं, की हिच्या पिकगार्डखालचं लाकूड मी कोरून काढलेलं आहे. त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाला, "पंधरा देतो." गिटार तीच, आवाज तोच. माझ्या एका वाक्याने तीन हजार गेले.

कोरण्याचं कारण साधं होतं. गिटार होती ४ किलो ६०० ग्रॅमची. दीड तास उभं राहून वाजवली की डावा खांदा बधिर व्हायचा. रुंद पट्टा लावून पाहिला, फारसा उपयोग झाला नाही. शेवटी ओळखीच्या सुतारकाकांकडे गेलो. धड ४५ मिलिमीटर जाड. मागच्या बाजूने १२ मिलिमीटर राखायचे, पिकगार्डचे ११ स्क्रू, ब्रिज आणि दांडा जिथे बसतात तिथे हात लावायचा नाही, असं ठरलं. नुसतं धड हलकं केलं तर दांड्याचं टोक खाली झुकतं, म्हणून खुंट्याही हलक्या बसवल्या. राउटर सुरू करण्याआधी काका म्हणाले, "एकदा काढलं की परत बसत नाही, बघा." दिवसभर कॉम्प्युटरवर चुका पुसत बसणाऱ्या माणसाला हे ऐकवावंच लागतं. सगळं मिळून तीनशे ग्रॅम कमी झाले. खांद्याला फरक पडला. कानाला काहीच कळला नाही.

मराठीत 'पोकळ' शब्दाला फारशी इज्जत नाही. कामगिरी भरीव असते, आश्वासन पोकळ. बडा घर असलं तरी वासा पोकळ निघतो. पण मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा पोकळ असतो म्हणून तर तो गुंजतो. गिटारही मुळात पोकळच होती. अँप्लिफायर आल्यावर अडचण झाली: स्पीकरच्या आवाजाने गिटारची पेटी थरथरू लागते, ती थरथर तारांत उतरते, तारांतून पुन्हा स्पीकरमध्ये जाते आणि शेवटी नुसती शीळ उरते. त्यावर उपाय म्हणून भरीव गिटार आली. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास चार इंची चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या. तो ओंडका लोकांना गिटार वाटेना, तेव्हा त्याने दोन्ही बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे भाग जोडले. आवाजाला त्यांची गरज नव्हती, डोळ्यांना होती.

१९५२मध्ये त्याच्या नावाने गिब्सनची भरीव गिटार बाजारात आली. महोगनीचं धड, वर मेपलचा थर; वजनदार काम. १९८०च्या दशकात गिब्सनने या धडांत, मेपलच्या खाली झाकली जातील अशी भोकं पाडायला सुरुवात केली. वजन कमी झालं, पण त्याची वाच्यता मात्र झाली नाही. आतल्या भोकांचा पत्ता नसताना लोक त्या गिटारी भरीव म्हणूनच वाजवत राहिले. आधी भरीव ओंडक्याने पोकळपणाचं सोंग घेतलं, नंतर पोकळ धडाने भरीवपणाचं.

तर मग त्या मुलाचं चुकलं कुठे? इलेक्ट्रिक गिटारमधला पिकअप लाकडाला ऐकतच नाही. चुंबकावर गुंडाळलेली तार पोलादी तारेचं कंपन टिपते. लाकडाने त्यात किती फरक पडतो, यावर वादकांची भांडणं संपलेली नाहीत. ज्याला ऐकू येत नाही आणि जो घेताना खूश होता, त्याचं मी न सांगितल्याने काय बिघडलं असतं? उलट सांगून मीच त्याच्या हातातली चांगली गिटार डागाळली.

बरेच दिवस मला यावर उत्तर सापडलं नाही. मग लक्षात आलं, की आम्ही दोघेही फक्त कानाचा विचार करत होतो. समोर बसून ऐकणाऱ्याचा गिटारशी संबंध कानापुरताच. त्याला आतली पोकळी सांगायची गरज नाही. मालकाचं तसं नसतं. मालक ती उघडतो. उद्या त्या मुलाने दुसऱ्या बनावटीचा पिकगार्ड आणला आणि त्याची भोकं दोन सेंटिमीटर सरकलेली असली, तर स्क्रू हवेत फिरेल. दोष तो स्वतःच्या हाताला देईल, नाहीतर पिकगार्ड बनवणाऱ्याला. माझं नाव त्याच्या डोक्यातही येणार नाही. लपवलेल्या गोष्टीतलं वाईट मला इथे दिसतं: तिचं बिल कधीतरी येतं, आणि ज्याच्या हातात येतं त्याला ते कशाचं आहे हेही कळत नाही.

पंधरा हजारांना गिटार दिली. पोकळीचा कागदावर छापा काढला होता, मोजमापं लिहून. तोही सोबत दिला. त्याने तो न बघताच घडी घालून पिशवीत टाकला. तीन हजार मला अजूनही थोडे खुपतात. पण खांदा माझा दुखत होता, लाकूड मी काढलं होतं. त्याचे पैसेही मीच द्यायला हवे होते.