तीन गुणांचा फरक

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबावली स्टेडियममध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असं हरवलं. दोन्ही अंतिम सामन्यांत फरक तीनच गुणांचा. दोन्ही हंगामांत साखळी संपली तेव्हा पलटण गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर होती. पहिल्या रात्री आमच्याकडे जो तो म्हणत होता की असा संघ पुन्हा होणे नाही. दुसऱ्या रात्री तेच लोक म्हणाले, ऐन वेळी कच खातात.

कबड्डीत तीन गुण म्हणजे एक बोनस आणि दोन गडी, एवढंच. एका श्वासात होणारी गोष्ट. हैदराबादच्या सामन्यात पलटणच्या पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले होते; ती चढाई फसली असती तर मागच्या तीन महिन्यांचा अर्थ बदलला असता का? त्या हंगामात साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पलटणने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. कर्णधार अस्लम इनामदार हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टाकळीभानचा हा मुलगा आणि त्याचे साथीदार किती चांगले आहेत, याचा पुरावा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गावोगावच्या मॅटवर मांडून झाला होता. बाद फेरीने त्यात नवीन माहितीची भर घातली नाही. तिने फक्त निकाल दिला.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये हा प्रश्नच येत नाही. तक्त्यात जो वर तो विजेता, हंगाम संपला, घरी जा. साखळी खेळून झाल्यावर पुन्हा नव्याने बाद फेरी खेळवायची ही रीत अमेरिकेकडची. तिथल्या बर्फावरच्या हॉकीत निदान एक शहाणपण आहे: प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे. अशा चार फेऱ्या, म्हणजे स्टॅन्ले चषकाला हात लावायचा तर १६ विजय हवेत. एखाद्या रात्री गोलरक्षकाचा हात चालला नाही, तरी परवा भरून काढता येतं. त्यांचा चाहता दोन महिने दाढी वाढवून बसतो आणि त्याच्या धास्तीलाही दिनक्रम येतो. आपल्याकडे रीत उचलली, सात सामने उचलले नाहीत. चाळीस मिनिटं आणि निकाल. २०२५ मध्ये पहिल्या दोन संघांना एक जादा संधी ठेवली होती, हे मान्य. पलटण दिल्लीकडून बरोबरीनंतरच्या टायब्रेकरमध्ये हरली, मग तेलुगू टायटन्सला ५०-४५ असं हरवून पुन्हा दिल्लीसमोर उभी राहिली. आणि पुन्हा हरली. न्याय दोनदा झाला असं म्हणायचं, की अन्याय दोनदा झाला?

माझं मत विचाराल तर तक्ता खरा. पण हेही सांगायला हवं की नुसता तक्ता असता, तर मी साखळीतले निम्मे सामनेसुद्धा पाहिले नसते. चांगला संघ कोणता हे कळून घ्यायला चाहता बसत नाही, ते त्याला आधीच ठाऊक असतं, निदान तसं त्याला वाटतं. तो बसतो आपलं काहीतरी जाऊ शकतं म्हणून. साखळीतल्या पराभवाने पोटात ढवळत नाही, कारण चार दिवसांनी पुढचा सामना असतो. बाद फेरीत डू-ऑर-डाय चढाईला निघालेला गडी मध्यरेषेवर वाकून मॅटला हात लावतो, तेव्हा लोणावळ्यातल्या वलवणच्या घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाचा दम कोंडतो. त्या दमाचा हैदराबादला किंवा दिल्लीला काडीचा उपयोग नाही.

वलवणमध्ये पलटणचा पाठीराखा असणं तरी कुठे निर्विवाद आहे? जिल्हा पुणे, लोकल पुण्याची. पण वलवणच्या तलावाचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरतं आणि तिथे १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होते. पाऊस आमचा, उजेड त्यांचा. लोणावळ्याचा धंदा शनिवार-रविवारच्या मुंबईकरांवर चालतो. तेव्हा इथे मुंबईच्या यू मुम्बाचे चाहते आहेत आणि ते काही फितूर नाहीत. घाटमाथ्यावरच्या माणसाला आपली बाजू निवडावी लागते, ती जन्माबरोबर आपोआप येत नाही.

आणि निवडून मिळतं काय? मोहम्मदरेझा शादलू. पाटणा पायरेट्सचा हा इराणी कोपरारक्षक पलटणने लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतला आणि उपांत्य फेरीत त्याच पाटण्याला ३७-२१ असं लोळवलं. हंगामात त्याने घेतलेल्या पकडी पाहून आम्ही त्याला आमचा मानला. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला, म्हणजे ज्यांना आम्ही अंतिम सामन्यात हरवलं त्यांच्याकडे. २०२४ च्या डिसेंबरात बाद फेरी आमच्या टप्प्यात आली: बालेवाडी, द्रुतगती मार्गाने वलवणहून तासाभराची वाट. पलटण त्या वेळी आठव्या क्रमांकावर राहून आधीच बाहेर पडली होती. यू मुम्बा आली आणि एलिमिनेटरमध्ये पाटण्याकडून हरली. २९ डिसेंबरला बालेवाडीच्या मॅटवर हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असं हरवून चषक उचलला, आणि उचलणाऱ्यांत शादलू होता. पुण्यातच, पण पुण्यासाठी नव्हे. फझल अत्राचलीचीही तीच कथा. २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरविरुद्ध तो पलटणचा कर्णधार होता, २०२५ च्या अंतिम सामन्यात तो समोरच्या बाजूला होता.

यावर रागावण्यात अर्थ नाही, ती त्यांची रोजीरोटी आहे, आणि कबड्डीपटूला एवढे पैसे मिळताना बघायला आपल्या आधीच्या पिढ्या तरसल्या. पण मग आपण नेमके कोणाच्या बाजूने असतो? खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, २०२५ च्या हंगामात तर पुण्यात एकही सामना नव्हता. उरतो तो जर्सीचा रंग आणि आपण आजवर घेतलेली धास्ती. मला वाटतं, ही धास्तीच आपली असते. २०२२ ला चार गुणांनी हरलो हे ज्याने सोसलं, त्यालाच २०२४ चे तीन गुण एवढे मोठे वाटले. नव्याने येऊन बसलेल्याला ते नुसते आकडे.

तरीही बाद फेरी उपरी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या मावळात उपरी आहे ती साखळी. इथल्या गावांत जत्रेला, उत्सवाला कबड्डीचे सामने होतात ते बाद पद्धतीने. संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, दिव्यांच्या उजेडात रात्रभर खेळायचं, हरला तो गेला. तक्ता, सरासरी, गुणफरक यांचा तिथे कोणी विचारच करत नाही. बावीस सामने खेळून मग पहिल्या सहा संघांत येण्याची कल्पना आमच्या आजोबांना विचित्र वाटली असती. त्यामुळे प्रो कबड्डी बाद फेरीत शिरते तेव्हा परदेशी होत नाही, उलट तेव्हाच ती गावच्या मैदानासारखी दिसू लागते आणि एरवी टीव्हीकडे पाठ करून बसणारी म्हातारी माणसंही खुर्ची पुढे ओढतात. फरक एवढाच. जत्रेतला हरलेला संघ पहाटे टेम्पोत बसून गावी जातो आणि पुढच्या वर्षी त्याच पोरांना घेऊन परत येतो. प्रो कबड्डीत दोन जत्रांच्या मध्ये लिलाव होतो.