फुकट आहे ते आधी करा

उभे राहा सगळे. ‘सर, आमची परिस्थिती नाही’ हे वाक्य मला या वर्गात पुन्हा ऐकायचं नाही. कुत्र्याचं पिलू घरी आणताना परिस्थिती आठवली नाही ती? रंकाळ्यावर पट्टा धरून मिरवायला वेळ मिळतो आणि घरी आल्यावर त्याचा कान उलटून बघायला मिळत नाही? कानाच्या आत बघा, पंजाच्या बेचक्यात बघा, शेपटीच्या बुडाशी केस विस्कटून बघा. एरंडीच्या बीसारखे टरारून फुगलेले गोचीड आठवडा-आठवडा रक्त पितात आणि तुम्ही शेजारी मोबाईल घेऊन बसता.

कुत्र्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा काय म्हणालात? ‘उन्हानं घोळणा फुटलाय.’ कांदा फोडून नाकाशी धरलात, डोक्यावर पाणी मारलंत. अरे, टिक फीव्हर झाला होता त्याला! गोचीड चावला की एर्लिकिया नावाचा जंतू पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट घसरतात, मग नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके उठतात. ओठ वर करून बघितला असतात, तर हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या असत्या. त्यात घरातली अंगदुखीची गोळी चारलीत. तसल्या गोळीनं रक्तस्राव वाढतो. कुणाला विचारून दिलीत?

गोचिडातून पसरणारे रोग काल-परवाचे नाहीत. बबेसिया गिब्सोनाय हा रक्तातला परजीवी 1910 साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा सापडला. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाख इथल्या भटक्या व आश्रयगृहातल्या कुत्र्यांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या रक्तात गोचिडानं दिलेला कुठला ना कुठला जंतू होता. शंभर वर्षांहून जुन्या दुखण्याबद्दल ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला लाज वाटली पाहिजे.

काही चाचण्या महाग आहेत, बबेसियावरचे काही उपचारही महाग आहेत, मान्य. पण काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फार खर्च येत नाही. एर्लिकियावरची डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. डॉक्टर ती साधारण 28 दिवस देतात. पाचव्या दिवशी कुत्रं भाकरी खायला लागलं आणि तुम्ही गोळी बंद केलीत! वरवर बरं दिसणाऱ्या कुत्र्याच्या अंगात हा जंतू महिनोन्‌महिने दडून राहतो. पुढं हाडातला मगज रक्त तयार करायचं थांबवतो, आणि तेव्हा डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

आणि घराचं काय? रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून गळते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. अंड्यातून निघालेल्या पिलात एर्लिकिया नसतो. ते आजारी कुत्र्याला चावतं तेव्हा त्याला जंतू मिळतो, आणि वाढल्यावर दुसऱ्या कुत्र्याला चावून ते तो पुढं देतं. म्हणजे अर्धवट उपचारांनी तुम्ही अख्ख्या गल्लीतल्या कुत्र्यांचा जीव धोक्यात घालता. वर गोठ्यातलं म्हशीचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला चोपडता. त्यानं विषबाधा होते. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं हे प्रकारही आजपासून बंद.

आता ऐका. रोज संध्याकाळी पाच मिनिटं कुत्रं डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपायचं. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा, बोटांनी चिरडायचा नाही. कुत्र्याच्या खालचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढायचं. भिंतीच्या फटी बुजवायच्या. ताप, सुस्ती, पांढऱ्या हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा. परवडत नाही त्याचं आपण मिळून बघू, वर्गणी काढू, मी स्वतः डॉक्टरांशी बोलेन. पण जे फुकट आहे ते तुम्ही आधी केलंत का, हे मी विचारणार. मुक्या जनावराला आपलं दुखणं सांगता येत नाही, म्हणून बघायची जबाबदारी पाळणाऱ्याची असते. ज्याला एवढं जमणार नसेल, त्यानं कुत्रं पाळायचं नाव काढू नये.