शंभरीचा केक



आपल्या धर्मग्रामातील एका आजींना शंभरावे वर्ष लागले आहे, असे त्यांच्या घरचे सांगतात. युवकांना मिस्सानंतर केक कापायचा आहे. तारीख विचारली तर आधार कार्डावर १ जानेवारी निघाली. आपल्या निलंग्याच्या भागात कितीतरी म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारी, नाहीतर गुरुजींनी लावलेला १ जून! आजींचा हिशेब निराळा आहे. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी त्यांच्या कडेवर दुसरे लेकरू होते.

केकचे ऐकून त्या म्हणाल्या, "फादर, जगले त्यात माझं काय हाय?" सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या प्रश्नावर मी पानेच्या पाने लिहिली असती. त्यांच्यासमोर काही सुचले नाही. अभिनंदन करायचे ते माणसाने काही केले म्हणून. जास्त दिवस जगणे हे कोणाचे कर्तृत्व?

पवित्र शास्त्रातले वाढदिवस आठवून पाहा. एक फारोचा, एक हेरोदाचा. एकात आचाऱ्याला फाशी, दुसऱ्यात संत योहान बाप्तिस्ताचा शिरच्छेद. ख्रिस्तसभा संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पाळते. जन्मदिवस पाळते ते प्रभू येशू, पवित्र मरिया आणि योहान यांचे.

महाराष्ट्राने मात्र एक शंभरी मनापासून साजरी केली, ती महर्षी धोंडो केशव कर्वे यांची. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, टपाल तिकीटही निघाले. याच माणसाने १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले होते. महिला विद्यापीठ त्यांनी काढले १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी. इतर लोक निवृत्त होतात त्या वयात! वर्षे लाभली म्हणून हे काम झाले, हे खरेच. पण त्या शंभरीत एक जागा रिकामी होती. वाळीतले दिवस सोबत काढलेली पत्नी १९५० सालीच वारली होती. शंभरी गाठणाऱ्याच्या वाढदिवसाला त्याच्या बरोबरीचे कोणी उरलेले नसते.

आपल्या आजींनी विद्यापीठ काढलेले नाही. कामावरून मोजायचे तर त्यांना केक नाही. पुण्याईवरून मोजायचे तर त्याहून अवघड. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचा नातू गेला. दीर्घायुष्य हे बक्षीस असेल, तर त्या लेकराचा काय अपराध होता? "पुण्यवान म्हणून एवढं आयुष्य लाभलं," असे आपण सहज बोलून जातो. त्यांच्यासमोर तरी कृपा करून बोलू नका. अकाली गेलेल्या नीतिमानाविषयी बोलताना शलमोनाचा ज्ञानग्रंथही म्हाताऱ्यांचा मान वर्षांच्या संख्येवर ठरवत नाही.

तरी वाढदिवस करावा, असे माझे मत झाले आहे. बारशाला आपण पेढे वाटतो, तेव्हा बाळाने काय केले, असे कोणी विचारत नाही. ते आले, एवढ्यावरच घर आनंदते. मग आजी अजून आहेत, एवढे का पुरू नये?

हे मी त्यांना सांगितले. त्या हसल्या आणि एका अटीवर तयार झाल्या: मिस्सात नातवाचे नाव घ्यायचे. तेव्हा १ जानेवारीला, देवमाता मरियेच्या सणाच्या मिस्सात, त्याच्यासाठी प्रार्थना होईल, केक नंतर. आजींबरोबर विहिरीवर पाणी भरलेली एखादी मैत्रीण आसपासच्या गावात अजून असेल, तर मला कळवा. तिला आणायला गाडी पाठवू.