याईराची कन्या व आपली लेकरे

(मार्क ५ : २१–४३)



सभास्थानाचा अधिकारी याईर हा मोठ्या मानाचा मनुष्य. तरी बारा वर्षांच्या कन्येसाठी त्याने सर्वांदेखत प्रभूच्या पायांवर लोटांगण घातले. मुलगी परक्याचे धन, असे म्हणून तिच्या दुखण्याकडे डोळेझाक करणाऱ्या बापांनी हे ध्यानात धरावे. प्रभूने तिला मरणातून उठविले, आणि मग आज्ञा कोणती केली? तिच्या मुखी अन्न घालावे, ही. ज्याने मृत्यू जिंकला त्याला तिचे पोट भरणे अवघड नव्हते. पण तेवढे काम त्याने घरच्यांसाठी राखून ठेविले.

ते काम आज आमच्या दारी आहे. दहा ते एकोणीस ह्या वयात शरीर झपाट्याने वाढते. मुलींचे रक्त पाळीतही जाते. लोह कमी पडले म्हणजे चेहरा फिका पडतो, धाप लागते, अभ्यासात चित्त राहत नाही. आणि आम्ही त्यास आळस म्हणतो! ह्याच वयासाठी ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. जंताची गोळी वर्षातून दोनदा देतात. शाळा सुटलेल्या मुलींनी अंगणवाडीत विचारावे. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यामागून लगेच चहा पिऊ नये. लिंबू व आवळा हितकर. शौच काळी झाल्यास भिऊ नये. गोळीविषयी हसणारे, अफवा उठविणारे भेटतील. याईराच्या घरीही लोक हसले, आणि प्रभूने त्यांस बाहेर काढिले.

त्याच वाटेवर बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री लपतछपत आली. प्रभूने तिला विटाळशी म्हणून दूर लोटले नाही. कन्या म्हणून हाक मारिली. मग पाळीविषयी आपल्या मुलीशी एक शब्दही न बोलणारी आई कोणाचा कित्ता गिरविते? घरी विचारावयास संकोच वाटतो अशा गोष्टींसाठी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांतून 'मैत्री' नावाचे सल्लाकक्ष चालतात. तेथे मुलामुलींशी एकांतात बोलतात, व ते बोलणे गुप्त ठेवितात.

आमच्या वऱ्हाडात तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. तेथे १९३५ साली तुकडोजी महाराजांनी आश्रम स्थापिला, आणि प्रार्थनेबरोबर ग्रामसफाई व व्यसनमुक्ती शिकविली. आमचा विश्वास निराळा. तथापि प्रार्थनेस जोडलेल्या हातांनी झाडूही धरावा, हा धडा शेजाऱ्यापासून घेण्यास लाज कसली? आमचे तरुण उपासनेस येतात, आणि बाहेर पडताच खर्ऱ्याची पुडी सोडतात. मुलीला अठरावे वर्ष लागण्यापूर्वीच आम्ही स्थळे पाहू लागतो. अशाने प्रभूने उठविलेले लेकरू आम्हीच पुन्हा निजवितो.

उपदेशक बंधूंनो, ह्या आठवड्यात घरोघर प्रार्थनेस जाल तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा: मुलीने गोळी घेतली काय? आणि भावाच्या ताटाइतकेच तिच्याही ताटात पडले काय? ज्या घरी उत्तर नाही असे येईल, तेथे याईराची गोष्ट वाचा, आणि शेवटच्या वचनाशी थांबा.

जीवनदाता प्रभू आम्हांस आपल्या लेकरांचे विश्वासू कारभारी करो. आमेन.