नावाची किंमत आणि कर्माचे फळ
शिजवलेले अन्न विकावे काय, हा प्रश्न धर्मशास्त्रात जुना आहे. आपत्काळी व्यापारावर जगणाऱ्या ब्राह्मणाने जे विकू नये, त्यात मनुस्मृतीचा दहावा अध्याय कृतान्न, म्हणजे शिजवलेले अन्नही गणतो. चेन्नईच्या के. के. नगरात 1981 मध्ये सुरू झालेल्या, मुरुगन देवाचे नाव धारण करणाऱ्या सरवणा भवन या उपाहारगृहाच्या परदेशातील अनेक शाखा फ्रँचायझीने निघाल्या, तेव्हा इडली-सांबाराबरोबर नावही विक्रेय ठरले. फ्रँचायझी, अर्थात शुल्क भरून दुसऱ्याचे नाव व पद्धत वापरण्याचा परवाना, घेणारा सहसा रॉयल्टीही देतो. ती बहुधा नफ्याऐवजी एकूण विक्रीवर आकारली जात असल्याने, जागेचे भाडे नि आचाऱ्याचा पगार सुटो वा न सुटो, नावाच्या धन्याचा वाटा द्यावाच लागतो. पण हा वाटा कर्माचे फळ म्हणावा काय? गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्माच्या पाच कारणांत, म्हणजे अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव यांत, नावाला स्थान नाही. त्या दृष्टीने रॉयल्टी हे निव्वळ भाडेच ठरते.