धूर कुणाचा

आमच्याकडं वीज म्हणत नाहीत, लाइट म्हणतात. लाइट आली, लाइट गेली. जणू घरची पाहुणीच. ती कुठनं येते, हे तिला कुणी विचारत नाही. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. पाय चिखलात, कान मोटरीकडं, आणि मनात एकच धाक, मधीच जाऊ नये म्हंजे झालं.

धूर मात्र आम्हाला ओळखीचा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हंगामात चिमणीवरनं गाव ओळखावं. आता कारखाना नुसती साखर करत नाही, बगॅस जाळून वीजही करतो आणि वर विकतो. आमच्या शिवाराजवळच्या एका कारखान्याची काजळी एका हंगामात फार पडायची. मार्चात बायका कुरडया घालायच्या, आणि वारं फिरलं की पांढऱ्या कुरडईवर काळे तंतू. आत्या त्या तंतूला हात लावायची नाही. लावला की तो फुटतो, डाग पसरतो. ती फुंकर मारायची. शेजारणीनं एकदा तावातावानं म्हटलं, "जावा की कारखान्यावर, इचारा त्यास्नी." आत्या म्हणाली, "काय इचारायचं? ऊस आपलाच हाय न्हवं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. आत्या दुसरी बुकं शिकलेली. पण धुरावर मालकी कुणाची, हा प्रश्न तिनं असा सरळ धरला होता. ऊस आपला, भाव आपल्याला, म्हणून काजळीही आपली. तिचं सगळं पटत नाही. चिमणीला नीट यंत्र बसवणं कारखान्याचं काम, त्यानं ते करायलाच पाहिजे, आणि ऊस घातला म्हणून ते विचारायचा हक्क जात नाही. पुढं ते यंत्र बसलंही, कारण काजळी दिसत होती. दिसली म्हणून गावात बोलणं झालं, सभेत विषय निघाला.

जे दिसत नाही त्याचं काय? आमच्या मोटरीची रात्रीची लाइट मोठ्या प्रमाणात कोळशाची. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. आपल्या देशातल्या कोळशात राख फार, कितीदा तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. ती राख चिमणीआधी विजेचा भार देऊन पत्र्यांना चिकटवून धरतात. त्या यंत्राला ईएसपी म्हणतात, आणि ते नीट चाललं तर राख जवळजवळ सगळी अडते. गंधकाचा वायू मात्र त्यातनं सरळ निघून जातो. तो धरायचा तर धूर चुन्याच्या पाण्यातनं काढावा लागतो. त्याला पैसे लागतात. म्हणून आपल्याकडं जुनी तोड एकच, चिमणी उंच करा. ५०० मेगावॉटच्या संचाला २७५ मीटर. उंच चिमणीनं वायू कमी होत नाही, लांब जातो. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटायला झाडू लागतो, इथं त्याचं काम वारं करतं.

हे होतच नाही असंही नाही. डहाणूच्या केंद्रात २००७ साली समुद्राच्या पाण्यानं गंधक धुणारं यंत्र बसलं. तिथं चिकूच्या बागा होत्या, तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर होता, न्यायालयाच्या आदेशानं नेमलेलं प्राधिकरण होतं, त्यावर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. मुख्य म्हणजे भांडणारी माणसं होती. पुढं डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं देशभरच्या केंद्रांना मर्यादा घालून दिल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधकाच्या मर्यादेतनं सूटच मिळाली. अट राहिली ती मुख्यतः राजधानीच्या टापूतल्या आणि दहा लाखांवरच्या शहरांजवळच्या केंद्रांना. म्हणजे नाकं मोजून निर्णय झाला. ज्या गावात नाकं कमी, तिथल्या नाकाची किंमतही कमी!

आमच्या भावकीतला एक पोरगा विदर्भातल्या एका केंद्रात ठेकेदाराकडं कामाला होता. दिवाळीला आला की सांगायचा, "सकाळी गाडीच्या सीटवर बोटानं नाव काढता येतं तिथं. तुमच्या मोटरी चालतात ना, त्याची राख ती." आम्ही हसायचो. नाना, माझे चुलते, म्हणायचे, "आरं, पर त्यास्नी काम मिळतंय की." मिळतं, खरं आहे. पण काम मिळालेला माणूस आणि धूर खाणारा माणूस एकच असेल असं नाही. केंद्राच्या पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्याला कुठलं आलंय काम?

आणि इंदापूरकराला हे समजावून सांगायला लागू नये. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, तेव्हा भीमाकाठची आपलीच गावं पाण्यात गेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ अजून वर येतं. पाणी दुसऱ्यांच्या शेताला गेलं, घर आपलं बुडालं. ज्यांनी हे सोसलं त्यांनी तरी दुसऱ्याच्या सोसण्याचा हिशोब विचारावा, असं मला वाटतं. म्हणून लाइट तोडा असं मी म्हणत नाही, माझाही ऊस आहे. दिवसाची सौर लाइट येऊ लागलीय, तीही येऊ दे. पण तोवर जळणारा कोळसा धुऊन जळावा, एवढं मागायला काय हरकत?

नानांपुढं हे सगळं मांडलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"धुवायला किती लागतं?"

"युनिटमागं काही पैसे."

"मग घाला की बिलात. आमी काय न्हाई म्हनलं का?"

मी म्हटलं, "नाना, एप्रिल २०२४ पासनं साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपाला बिलच नाही."

नाना थांबले. चिमूट तशीच बोटांत राहिली.

"मग आपलं कोन भरतंय?" म्हणाले.