सायकलीचा दांडा आणि वडाच्या प्रदक्षिणा

चेन्नईच्या वायव्येस असलेले अंबत्तूर हे नाव मराठी वाचकाच्या कानावर सहसा पडत नाही; तेथे घडलेली वस्तू मात्र महाराष्ट्रातील अनेक घरांच्या भिंतीला टेकून उभी राहिलेली आहे. 1949 मध्ये मुरुगप्पा घराणे आणि इंग्लंडमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या भागीदारीतून निघालेल्या टी. आय. सायकल्स या कंपनीचा कारखाना अंबत्तूरला उभा राहिला आणि हर्क्युलिस व बी. एस. ए. या नावांच्या सायकली देशभर गेल्या. 1964 मध्ये त्याच परिसरात मोठी औद्योगिक वसाहत वसली; 2011 मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाले. या औद्योगिक इतिहासात नैतिक चिंतनाला खाद्य मिळेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु सायकलीच्या सांगाड्याच्या ज्या दोन जाती बाजारात रूढ झाल्या, त्यांकडे पाहिले की एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. एका सायकलीला आडवा दांडा असतो, ती मुलाची. दुसरीला तो नसतो, ती मुलीची. लोखंडाच्या एका नळीने माणसांचे दोन वर्ग पाडले आहेत.

ही विभागणी मुळात निरर्थक नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत स्त्रिया सायकलीवर बसू लागल्या, तेव्हा पायघोळ झग्यांची अडचण होऊ नये म्हणून वरचा दांडा खाली उतरविण्यात आला. आपल्याकडे लुगडे आणि परकर होते. सोय तीच होती. पुढे सलवार आली, विजार आली, अडचण बहुतांशी सरली. दांड्याचा संकेत मात्र सरला नाही. कारण संपले आणि नियम उरला. मुलामुलींच्या वाढीत घडणारी बहुतेक वळणे अशीच असतात. कोणी एके दिवशी आज्ञा काढलेली नसते, कोणी दुष्ट हेतू बाळगलेला नसतो. एका काळची सोय पुढच्या काळात रीत होते, रीतीची मर्यादा होते आणि अखेरीस तिलाच 'स्वभाव' असे नाव मिळते. स्त्रीचा म्हणून जो स्वभाव सांगितला जातो तो घडविलेला आहे, हे जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1869 मध्ये मांडले. पुरुषाच्या स्वभावाबाबतही तेच खरे आहे, हे मान्य करावयास समाज अद्याप कचरतो.

सायकल शिकताना मुलगा पडतो तशी मुलगीही पडते. गुडघा दोघांचाही फुटतो, रक्त एकाच रंगाचे येते. परंतु मुलाच्या जखमेकडे घर कौतुकाने पाहते. पडल्याशिवाय शिकता येत नाही, असे त्याला सांगितले जाते. मुलीच्या जखमेत घराला उद्याचा व्रण दिसतो. एवढे धाडस हवे होते कशाला, असे तिला विचारले जाते. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ते लाजेच्या द्वारे दिले जाते. मुलीला लाज शिकविली जाते ती दिसण्याची. मुलाला शिकविली जाते ती मुलीसारखे दिसण्याची. या दोन लाजांतील भेद बारकाईने पाहिला, तर प्रश्नाचे मर्म हाती येते.

अंबत्तूरच्याच तमिळनाडूत या लाजेला एक विलक्षण आव्हान मिळाले. 1991 च्या सुमारास पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 'अरिवोळि इयक्कम' ही साक्षरतेची चळवळ जोर धरू लागली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा तिचा भाग केला, आणि शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया सायकलीवर बसल्या. टोमणे झाले, हसणे झाले. तरी त्या उतरल्या नाहीत. पी. साईनाथ यांनी या चळवळीची जी हकीकत लिहिली आहे तीत एक तपशील मोठा बोलका आहे. बिनदांड्याच्या सायकली पुरेशा मिळेनात, तेव्हा स्त्रियांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. आणि त्यांतील काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते. पुरुषत्वाची खूण मानलेला दांडा आईच्या हाती येताच मुलाचे आसन झाला. वस्तूला लिंग नसते. ते तिला चिकटविले जाते आणि काढताही येते, याचे याहून सोपे प्रमाण मिळणे कठीण.

पुढे शासनांनीही सायकलीचे सामर्थ्य ओळखले. बिहारमध्ये 2006 मध्ये नववीतील मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करून कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी 2017 मध्ये दाखविले, की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण तिच्यामुळे 32 टक्क्यांनी वाढले. ज्या अंतराला लोक मुलींचा 'अभ्यासातील ओढा कमी' असे म्हणत होते, ते अंतर पुष्कळदा घर आणि शाळा यांमधील मैलांचे होते.

तथापि येथेच विचार थांबविणे हे अर्ध्यावर थांबणे होय. मुलगी दांड्याची सायकल चालवू लागली, तर आज बहुतेक घरांत तिचे कौतुक होते. मुलगा बहिणीची सायकल घेऊन शाळेत गेला, तर वर्ग हसतो. मुलगी मुलासारखी झाली की ती वर चढली असे मानले जाते. मुलगा मुलीसारखा वागला की तो खाली घसरला असे मानले जाते. दार एकाच बाजूने उघडते. दोन भूमिका केवळ भिन्न असत्या, तर ये-जा दोन्ही बाजूंनी सारखीच लाजिरवाणी किंवा सारखीच निर्दोष ठरली असती. तशी ती ठरत नाही, याचा अर्थ हा भेद नसून उतरंड आहे. मुलींना दिलेली मुभा त्या उतरंडीला धक्का लावीलच असे नाही. पुष्कळदा ती उतरंड मान्य करूनच दिली जाते.

गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारका'तून स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे असा आग्रह धरला. तो आग्रह आज तत्त्वतः मान्य झाला आहे. व्यवहारात मात्र 'एकच' याचा अर्थ 'मुलांचे शिक्षण मुलींनाही' एवढाच उरला. शुश्रूषा, स्वयंपाक, दुसऱ्याचे दुःख न सांगता ओळखणे, यांचे शिक्षण मुलांना कोण देणार, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

मराठी साहित्यात तो एका अनपेक्षित ठिकाणी येऊन गेला आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त पहिल्याच रात्रीची गोष्ट सावित्रीव्रताची आहे. आई आजारी आहे, वडाच्या प्रदक्षिणा तिला घालवत नाहीत. ती श्यामला धाडते. बायका हसतील, मुले चिडवतील म्हणून तो संकोचतो. आई त्याला समजावते, की लाज वाटावी ती वाईट करताना, देवाचे काम करताना नव्हे. एका वाक्यात ती लाजेचे स्थान बदलते: लाज लिंगाला नव्हे, कृतीच्या बऱ्यावाईटपणाला चिकटविते. पुढे हीच आई पोहायला भिणाऱ्या, लपून बसलेल्या श्यामला फटके देऊन विहिरीवर पाठविते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला साहवत नाही. तेथे ती जगाच्या हसण्याचेच शस्त्र हाती घेते. या दोन प्रसंगांतील विसंगती लेखकाने लपविलेली नाही, आणि त्यातच पुस्तकाचे सत्य आहे. जी आई एका जागी रीतीच्या पलीकडे पाहते, तीच दुसऱ्या जागी रीतीची हस्तक होते. प्रत्येक घरातील प्रत्येक आईबापाची स्थिती याहून वेगळी नाही.

या पुस्तकातील अश्रूंना मराठी समीक्षेने अनेकदा भाबडेपणाचा दोष दिला. त्या आक्षेपात वाङ्मयीन तथ्य असेलही; पण ते अश्रू एका मुलाचे आहेत, म्हणून ते अधिक खुपले काय, हे समीक्षेने स्वतःला विचारावयास हवे. मोठे होणे म्हणजे काही गमावणे असतेच; परंतु मुलाने कोवळेपण आणि मुलीने धीटपण गमवावे, हे निसर्गाने ठरविलेले नाही. पुदुक्कोट्टैच्या स्त्रिया पुरुषांच्या सायकलीवर बसल्या, तेव्हा अर्धा रस्ता कापला गेला. वडाभोवती फिरणाऱ्या मुलाला पाहून कोणी हसणार नाही, त्या दिवशी उरलेला अर्धा कापला जाईल.